एका तिकिटाच्या तीस प्रती

एकदा एक तरुण आपल्या दिवंगत बहिणीचा बालवर्ग चालवायला उभा राहिला. तिला जाऊन तेवीस दिवस झाले होते. त्याने स्वतः सातवीतच शाळा सोडलेली. पण "वर्ग बंद करू, मुलांना शेजारच्या गावी धाडू," अशी भाषा पालकांत सुरू झाली, तेव्हा तो तिरीमिरीत बोलून गेला, "शनिवारी या. ताईची मुलं पाचाच्या टप्प्याने शंभरापर्यंत मोजून दाखवतील. नाही जमलं, तर कुलूप मी माझ्या हाताने घालीन."

ताई हे हाउजीतून शिकवायची. पाच, दहा, पंधरा असे शंभरापर्यंतचे वीस आकडे चौकोनांत विखरून छापलेली तिकिटं मुलांना द्यायची आणि डब्यातून चिठ्ठी काढून आकडा पुकारायची. ज्याची एक ओळ चिंचोक्यांनी आधी भरेल, तो जिंकला. तरुणाला तिच्या कागदांत एकच तिकीट सापडलं. त्याने धावत जाऊन त्याच्या तीस झेरॉक्स काढून आणल्या.

शनिवारी पालक जमले. ताईला लहानपणी शिकवलेले वृद्ध गुरुजीही येऊन बसले. तरुण आकडे पुकारू लागला. आठ-दहा चिठ्ठ्या झाल्या आणि तीसही मुलं एकदम ओरडली, "हाउजी!"

"वा रे मास्तर!" एक पालक हसत म्हणाला. "सगळेच पहिले! गणपतीत अशी हाउजी ठेवली, तर बक्षिसं वाटता वाटता मंडळाचे हात मोडतील."

"आणि यात मोजलं कोणी?" एका आईने विचारलं. "तू सांगतोस, ती चिंचोका ठेवतात."

तरुणाला आता चूक उमगली. ताईच्या तिकिटांवर आकडे तेच असत, पण प्रत्येकावर त्यांच्या जागा वेगळ्या असत. संतापून तो तिकिटं हिसकावू लागला.

"फाडू नकोस," गुरुजी म्हणाले. त्यांनी चिठ्ठ्यांच्या डब्याला झाकण लावून तो खिडकीत ठेवला आणि मुलांना तिकिटं रिकामी करायला सांगितलं. मग सावकाश पुकारलं, "पाच. दहा. पंधरा." आणि उपरणं तोंडावर धरून ते गप्प बसले.

"गुरुजी, पुढचा आकडा सांगा की! माणसं बघतायत!" तरुण कुजबुजला.

गुरुजी गप्पच. तरुणच "वी..." म्हणायला गेला, तेव्हा त्यांनी त्याचा दंड घट्ट धरला.

पुढे बसलेल्या कार्तिकीने वाट पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि चिंचोका ठेवत हळूच म्हणाली, "वीस."

"पंचवीस!" मागून आवाज आला. "तीस! पस्तीस! चाळीस!"

"शेचाळीस," एक मुलगा म्हणाला.

"ए, बाईंनी शिकवलेली मूठ उघड ना!" शेजारणीने त्याला ढोसलं. त्याने मूठ वळली आणि एकेक बोट उघडत गेला, "एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस... पंचेचाळीस!"

मग खोली थांबलीच नाही. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. तिकीट भरलं, चौकोन संपले. आता थांबतील असं मोठ्यांना वाटत होतं, तोच तीस गळे गरजले, "एकशे पाच!" आणि उरलेले चिंचोके जमिनीवर ओळीने पडू लागले.

दोनशेच्या पुढे पालकही टाळ्यांवर मोजत होते. हसणारा तो पालक म्हणाला, "कुलूप राहू दे, मास्तर. सोमवारपासून आमची धाकटीही येईल."

तरुण गुरुजींकडे वळला. "तुम्ही गप्प का बसलात? माझा जीव गेला असता!"

"अरे, जोवर कोणी पुकारतं आहे, तोवर आकडे पुकारणाऱ्याचे असतात," गुरुजी म्हणाले. "तो थांबल्यावर मोजणी चालते की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. पाऊल केवढं टाकायचं, हे तुझ्या बहिणीने या मुलांच्या अंगात मुरवलं आहे. ती गप्प झाली. मुलं कुठे थांबली?"

जमिनीवरची चिंचोक्यांची ओळ दारापर्यंत गेली होती, आणि मुलं अजून भांडत होती की पुढचा चिंचोका ओट्यावर ठेवायचा की पायरीवर.

"गुरुजी," तरुण म्हणाला, "तुमच्या घरी काही खायला असेल का?"

ताई गेल्यापासून त्याला पहिल्यांदाच भूक लागली होती.