मी आलोच!

खूप खूप वर्षांपूर्वी, देव अजून रस्त्यानं पायी चालत असत तेव्हा, डोंगरापलीकडच्या एका राज्यात मरणाचा एक देव होता. लोक त्याला निरोप्या म्हणत. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, पाय अनवाणी. ज्याची वेळ भरली त्याच्या दारात तो येई, उंबऱ्याशी थांबे आणि म्हणे, "चल, मी आहे सोबत." एवढंच. त्यानं कधी कुणाला ओढून नेलं नाही. ओढायचं कसं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

नगरात त्याचा मोठा मठ होता. मठातल्या माणसांना सोबती म्हणत. कुणी शेवटच्या आजारात पडलं की एक सोबती जाऊन त्याचा हात धरून बसे, निरोप्या येईपर्यंत.

या मठाचा एक नियम मात्र उफराटा होता. आपण कुठूनही निघताना 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं तर मोठी माणसं डोळे वटारतात. मठात निघताना 'जातो'च म्हणायचं. कारण हा देव साधा, कानावर पडेल ते खरं धरणारा. त्याला 'येतो' म्हणालात तर तो तुमची वाट बघत बसायचा. नगरात नव्यानं आलेल्या सुना इथं हमखास चुकत आणि जीभ चावत.

मठाचे थोरले सोबती फार नावाजलेले होते. "भिऊ नका, देव दयाळू आहे," असं त्यांनी म्हटलं की मरणाऱ्याचा चेहरा निवायचा.

एके दुपारी निरोप्या त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. थोरले जेवत होते.

"चल, मी आहे सोबत," देव म्हणाला.

थोरल्यांच्या हातातला घास ताटात पडला. आणि जन्मभर मठाचा नियम पाळलेला तो माणूस घाईघाईनं म्हणाला, "हो हो! तू हो पुढं, मी आलोच!"

वाढणारा शिष्य भाताचं पातेलं घेऊन तसाच थिजला.

देवानं मान डोलावली. तो बाहेर गेला आणि पायरीवर वाट बघत बसला.

बसला, तो बसलाच.

मग राज्यात भलतंच घडू लागलं. कोळणीच्या पाटीत कापलेले मासे तडफडत राहिले. एका घरी वाढलेल्या कालवणात शेपटी हलली, तशी सगळी माणसं पाटावरून उठून अंगणात पळाली. कड्यावरून पडलेला गुराखी मोडक्या मानेनं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारू लागला, "माझी गुरं दिसली का हो?"

तरी लोक म्हणाले, "मरण थांबलं!" राजानं हत्तीवरून साखर वाटली.

मरण थांबलं होतं खरं. दुखणं थांबलं नव्हतं.

पायरीवर बसलेला देव सगळ्यांना दिसत होता. पण लोक तो रस्ताच टाळू लागले. पोरांना दटावू लागले, "तिकडं फिरकायचं नाही. बसलाय तर बसू दे. उठवता कशाला?"

त्याच नगरात एक नवी सून होती. लग्नाची हळद अजून पुरती उतरली नव्हती. बोलायची कमी, बघायची फार. तिच्या सासूबाईंच्या पोटात गाठ होती. वैद्यांनी केव्हाच हात टेकले होते. सासूबाईंनी सगळ्यांचे निरोप घेतले होते, सुनेला लोणच्याचं माप सांगून झालं होतं. आता त्या नुसत्या कण्हत होत्या. पाणी पोटात ठरत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती. नवरा आईचं कण्हणं ऐकवेना म्हणून दिवसभर शेतावर राही.

एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तुमच्या नगरातला देव वाट चुकला की काय गं?"

"माझं कसलं नगर, सासूबाई? मी तर कालच आले. नगर तुमचं."

"मग देव तुझा. मला काही ओळख देईना तो." कळ आली तशी त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं. कळ ओसरल्यावर म्हणाल्या, "जा, विचारून ये त्याला. म्हणावं, म्हातारीशी काही वाकडं आहे का?"

सून तिथंच बसून मिरच्या कुटत होती. तशीच उठली आणि मठाकडं गेली.

"देवा," ती म्हणाली, "तू इथं काय करतोयस?"

"थोरल्यांची वाट बघतोय. आलोच म्हणालेत."

सून त्याच्याकडं बघतच राहिली. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंकाही नव्हती.

"अरे, आलोच म्हणजे…" ती म्हणाली आणि थांबली. त्याला कसं सांगणार?

ती आत गेली. शिष्य म्हणाले, "महाराज ध्यानाला बसलेत." तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या. शेवटी कोठीत, धान्याच्या कणगीआड, दोन पाय दिसले. राज्यभर ज्यांच्या पायांवर लोक डोकं ठेवत, ते हे पाय.

"महाराज, बाहेर देव खोळंबलाय."

"सांग त्याला, आलोच."

"हे तुम्ही त्याला आधीच सांगितलंय. म्हणून तर तो हलत नाही."

"बोलायची पद्धत असते ती, पोरी!"

"माझ्या सासूबाई कण्हतात तीही पद्धतच का?"

थोरले अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साऱ्यांना भिऊ नका म्हणालो. मला काय माहीत पलीकडं काय आहे! मी कुठं गेलो होतो?"

दारात जमलेल्या शिष्यांनी तोंडावर हात धरले.

सुनेलाही पलीकडचं काही माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "तुमचा हात कुणी धरला नाही?"

"मला कोण धीर देणार, पोरी? यांना वाटतं, मला लागतच नाही."

"मी धरते. पण तो हात डोळ्यांना लावू नका हं, मिरच्या कुटून आलेय."

म्हातारा रडता रडता हसला. तिचा हात धरून बाहेर आला.

"आलास?" देव म्हणाला.

"आलो."

"बरं झालं. बसून पाय आखडले होते माझे."

थोरले त्याच्या शेजारी पायरीवर बसले, त्याच्या घोंगडीवर डोकं टेकलं आणि दमलेल्या पोरासारखे झोपी गेले. सुनेच्या हातातला हात हळूच सैल झाला.

देव उठला. "आता तुझं घर," तो म्हणाला. "तू चल पुढं, मी तुझ्या मागं आहे."

सून जागीच खिळली. हेच तर मागायला ती आली होती. आता पाय उचलेना.

वाटेत विहीर होती, बाजार होता, माहेरच्या ओळखीची बांगडीवाली होती. कुठंही थांबता आलं असतं. ती थांबली असती तर तोही मागं उभा राहिला असता, एक अक्षर न बोलता. हे तिला कळलं. विहिरीपाशी ती थबकलीही. थोरल्यांवरचा सगळा राग तिथंच गळून गेला.

मग तिला ते कण्हणं आठवलं. तिनं पदर खोचला आणि झपझप चालू लागली. घर दिसलं तेव्हा तर ती धावतच सुटली.

सासूबाईंनी डोळे उघडले. दाराकडं पाहून म्हणाल्या, "आलात? जेवणवेळ टळून गेली की! सूनबाई, पाहुण्यांना गूळपाणी दे. उन्हातून आलेत."

सून माठाकडं वळली. तांब्या भरून मागं फिरली, तोवर कण्हणं थांबलं होतं.

देवानं तिच्या हातून पाणी घेतलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पुढच्या घराकडं निघाला. संध्याकाळपर्यंत नगरातल्या कितीतरी घरांतून रडण्याचे आवाज उठले. साखर खाल्लेले लोक हबकून एकमेकांकडं बघत राहिले. आणि मठात त्या दिवसापासून सोबत्याच्याही उशाशी सोबती बसू लागला.

बोध एवढाच: आपल्याला भीती वाटते म्हणून दुसऱ्याचं दुखणं लांबवणं, ही माया नव्हे.