मैनेची साक्ष आणि साळिंदराचं बीळ

डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होतं आणि तिथं वाघाचं राज्य होतं. राज्य प्रजेचं आहे, असं वाघ दर निवडणुकीत, दर सभेत सांगायचा आणि प्रजा घाईघाईनं माना डोलवायची.

एका उन्हाळ्यात दुष्काळासाठी राखलेलं मोहफुलांचं कोठार उघडलं, तर आत फूलही नाही. कुलूप मात्र शाबूत. वाघ गहिवरला. त्यानं चौकशी आयोग नेमला आणि अध्यक्षपदी तरसाला बसवलं. तरस निःपक्षपाती होतं. मेलेलं कुणाचंही असो, ते खायचं.

त्याच वेळी प्रजेला कळलं, की पाणवठ्यावरच्या जांभळीत सरकारनं कैक वर्षांपासून एक मैना लपवून ठेवली होती. खाली कोण काय बोलतं, ते ती ज्याच्या त्याच्या आवाजात पाठ करायची. हे प्रजेच्या सुरक्षिततेसाठीच होतं. फक्त प्रजेला सांगायचं राहून गेलं होतं.

पहिला साक्षीदार साळिंदर. त्याचं बीळ डोंगरात सगळ्यात चांगलं, उन्हाळ्यात गार, पावसात कोरडं. साळिंदरीण नुकतीच व्यायली होती. खोटी साक्ष दिली तर बीळ जप्त होऊन आयोगाकडे जमा, असा नियम होता. तरसाला बीळ खणायचा भारी कंटाळा, हे इथंच सांगितलेलं बरं.

सरकारी वकील मुंगूस उठलं. "साळिंदरभाऊ, मागच्या दुष्काळात पाणवठ्यावर अस्वलाशी काय बोललात?"

साळिंदरानं पुष्कळ डोकं खाजवलं. "पाण्याबद्दलच असेल, साहेब. तहान लागलेली."

मग त्यानं हात जोडून विनंती केली, की मैनेला पाठ आहे तर मला आधी ऐकवा, माझं असेल तर मी कबूल करतो. तरसानं त्याला मायेनं समजावलं, "आधी ऐकवलं तर तुम्ही खरंच सांगाल. मग तुमच्या खरेपणाची परीक्षा कशी व्हायची?"

मैना बोलू लागली. आवाज हुबेहूब साळिंदराचा: "अस्वलभाऊ, पोट खपाटीला गेलं. कोठारावरच हात मारू या का?"

साळिंदर कळवळून म्हणालं, की ती थट्टा होती, अस्वल हसून हसून लोळलं होतं. मुंगसानं खुलासा केला, की मैनेला हसणं पाठ करायची परवानगी नाही, कारण हसण्याला अर्थ नसतो. साक्षीत पाणी, मैनेत कोठार. साक्ष खोटी ठरली, बीळ जप्त झालं. घाबरलेल्या अस्वलानं मग मैनेचं ऐकून सगळं शब्दन् शब्द सांगितलं, तर पढवलेला साक्षीदार म्हणून त्याचं मधाचं झाड गेलं.

आता एक अडचण होती. मैना एकदा सुरू झाली की पाठ संपेपर्यंत थांबत नाही. चोचीत पिकलं उंबर दिलं तरच गप्प होते. त्यासाठी टोपलीभर उंबरं ठेवलेलीही होती. पण निकाल लिहिता लिहिता आयोगानं ती खाऊन टाकली होती.

मैनेनं आवाज बदलला. हा आवाज तरसाचा होता.

"महाराज, कुलपाला हात लावू नका. मागची भिंत मी फोडतो आणि परत लिंपतो. फुलं निम्मी निम्मी."

मग वाघाचा आवाज. "निम्मी? राज्य कुणाचं आहे?"

"प्रजेचं, महाराज."

तरस सावकाश उठलं. चोरून ऐकलेल्या जुन्या गोष्टींवरून, पुढचंमागचं सोडून, कुणालाही असं अचानक विचारणं हा घोर अन्याय आहे, असं त्यानं सांगितलं. वाघानं डोळे पुसले. लगेच नियम झाला, की साक्षीदाराला आधी ऐकवावं आणि आठवायला शांत जागा आणि हवा तेवढा वेळ द्यावा.

साळिंदरानं विचारलं, "मग माझं बीळ परत मिळेल ना?"

मुंगूस म्हणालं, "नियम दुपारपासून आहे, भाऊ. तुमचा निकाल सकाळचा."

साळिंदरीण पिल्लं घेऊन करवंदीच्या जाळीत राहते. पाऊस आला की पिल्लं कुडकुडतात, आणि मला त्यांची फार दया येते. तरसाला आठवायला शांत जागा हवी होती, ती त्याच बिळात मिळाली. ते अजून आत बसून आठवतंय. निवडणूक जवळ आली की स्वतःचं नाही, पण अस्वल काय म्हणालं होतं ते त्याला नेमकं आठवेल, असं जाणकार सांगतात.