जांभळाचं उरलेलं पान

ही गोष्ट मी सांगायची नाही. काकूने बजावलंय. म्हणते, ऐकली की पोरं लगेच जांभळाकडे पळतात. पण तुम्ही नाही ना पळणार? मग सांगते.

एक होते तपेलंआजोबा. डोक्यावर टोपीसारखं तपेलं. खांद्यावर बियांची झोळी. माळामागून माळ चालायचे. बिया पेरायचे. प्रत्येक रोपाला एक राखणदार नेमायचे.

"राख हं! पहिलं फळ तुझं."

आमच्या माळावर त्यांनी जांभूळ पेरलं. राखणदार कोण? इवलीशी खारुताई.

रोपाला दोन पानं आली. शेळीही आली. कुरुम! एक पान गेलं.

"म्यँ! पाणी पिऊन येते. मग दुसरं खाते."

खारुताई निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भेटला काटा.

"काटेदादा, काटेदादा, कुंपण व्हा!
शेळी पान खाईल."

"मी फांदीवर. कोयत्याने तोडलं तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटला कोयता.

"कोयतेदादा, कोयतेदादा, काटा तोडा!
काटा कुंपण होईना,
शेळी पान खाईल."

"मी बोथट. दगडाने धार लावली तर तोडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटला दगड.

"दगडूकाका, दगडूकाका, धार लावा!
कोयता काटा तोडेना,
काटा कुंपण होईना,
शेळी पान खाईल."

"मी कोरडा. पाण्याने भिजवलं तर लावीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भेटलं पाणी.

"पाणीताई, पाणीताई, दगड भिजव!
दगड धार लावेना,
कोयता काटा तोडेना,
काटा कुंपण होईना,
शेळी पान खाईल."

"मी ओढ्यात. तपेल्याने नेलं तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. तपेलं कुठे? आजोबांच्या डोक्यावर! आणि आजोबा? बांधाला टेकून गाढ झोपलेले.

"आजोबा, आजोबा, तपेलं उतरवा!
तपेलं पाणी नेईना,
पाणी दगड भिजवेना,
दगड धार लावेना,
कोयता काटा तोडेना,
काटा कुंपण होईना,
शेळी पान खाईल."

आजोबा म्हणाले, "घुर्रर्र... फुस्स."

तिकडे शेळी परत निघाली. टप टप टप.

खारुताई आजोबांच्या छातीवर चढली. झुपकेदार शेपटी नाकाखाली फिरवली. गुदुगुदु, गुदुगुदु.

"आ... आ... आक्छी!"

तपेलं पडलं. ठण्ण! आजोबा उठले.

"अगं राखणदारीणबाई! पानं आहेत ना?"

"एकच उरलंय, आजोबा! पळा!"

मग तपेल्याने पाणी नेलं,
पाण्याने दगड भिजवला,
दगडाने धार लावली,
कोयत्याने काटा तोडला,
काट्याचं कुंपण झालं.

शेळीने तोंड घातलं. "ओय ओय! नाकाला टोचलं!" गेली पळून.

पान वाचलं. एकाची झाली चार. चाराची झाली शंभर. रोपाचं झालं झाड. एक दिवस, टप्प! पहिलं जांभूळ पडलं.

कोणी खाल्लं? खारुताईने! जीभ झाली जांभळी जांभळी.

अजूनही पहिलं जांभूळ तिचंच असतं. आपण तोडायचं नाही. यंदाचं मी कालच पाहिलं. ओढ्याकडच्या फांदीवर, तीन पानांच्या मागे, अगदी त्या...

"मुक्ते! परत तीच गोष्ट? ये इकडे आधी!"