रत्नमुकुट आणि चित्रदरीची वाघीण

एका राज्यात चित्रदरी नावाची घनदाट अरण्याची दरी होती. तिथल्या वन्य जीवांचा अभ्यास करून त्यांचं रान राखणारी हेमलेखा ही त्या राज्याची वनरक्षिणी. राजा रणधवलाला मात्र एकच गोष्ट खुपत असे: दरीतली वाघीण त्याच्यापुढे मान लववत नसे. तेव्हा कालकंटक नावाच्या मांत्रिकाने त्याला एक रत्नमुकुट दिला. तो मस्तकी चढताच वाघीण आपल्या पायांनी राजवाड्यात आली आणि सिंहासनापाशी पाळीव कुत्र्यासारखी बसून राहिली.

त्याच क्षणी दरीला शाप लागला. वाघिणीचा धाक सरला, तशी हरणं निर्धास्तपणे एकाच जागी चरत राहिली. कोवळं रोप म्हणून उरलं नाही. डोंगर उघडे पडले, झरे आटले.

हेमलेखेने वृद्ध धनेश पक्ष्याला उपाय विचारला. पक्षी म्हणाला, "बुजलेला झरा मोकळा कर. उघड्या उतारावर बी रुजव. आणि वाघिणीला माघारी आण. राजाने स्वतःच्या हाताने मुकुट उतरवला, तरच ती सुटेल."

झऱ्याच्या मुखावर शिळाराक्षस निजला होता. हेमलेखेने त्याच्या उरावर पहार घातली. तो कण्हत उठून चालता झाला आणि पाणी खळाळलं. मग धनेशाने आणून टाकलेल्या बिया तिने पेरल्या, भोवती काटेरी कुंपण घातलं. पाहता पाहता रोपं गुडघाभर झाली. पण हरणांनी कुंपण मोडलं आणि रोपं बुडख्यापर्यंत खाल्ली. हेमलेखा संतापली. तशीच चिखलाच्या पायांनी ती दरबारात शिरली.

राजाने तिला मुजरा करायला फर्मावलं. ती ताठ उभी राहिली. कालकंटक राजाच्या कानाशी लागला आणि राजाने तलवार उपसली.

"मारा, महाराज," हेमलेखा म्हणाली. "पण ही वाघीण मुकुटापुढे वाकते, तुमच्यापुढे नाही. मुकुटावाचून तिच्यासमोर उभं राहायची तुमची छाती नाही."

राजाचा चेहरा लालबुंद झाला. कालकंटक आडवा आला; राजाने त्याला ढकललं आणि मुकुट काढून भिरकावला.

वाघिणीने मान वर केली. तिच्या डरकाळीने रत्नांचा भुगा झाला आणि कालकंटकाची राख. राजाच्या हातून तलवार गळाली. वाघीण त्याच्या शेजारून संथपणे निघून गेली.

तिच्या चाहुलीने हरणं पुन्हा रानभर फिरती झाली. खुरटलेल्या बुडख्यांना पालवी फुटली. एका सकाळी राजा अनवाणी दरीच्या काठी आला. वाघीण आपल्याला क्षमा करील का, असं त्याने तिथे रोपं राखणाऱ्या हेमलेखेला विचारलं.

"ती तुमची आठवणसुद्धा ठेवणार नाही, महाराज," हेमलेखा म्हणाली. "मागे सरा. पायाखाली रोप आहे."

राजा मागे सरला.