खो कुणी दिला?

खो-खोच्या मैदानावर उमेदीची पंधरा वर्षे धावलेला आणि पुढे त्याच मैदानावर प्रशिक्षक झालेला एक गृहस्थ एकदा आपल्या वृद्ध गुरुजींच्या ओसरीवर येऊन मटकन बसला. एके काळी हा गडी पळू लागला की भल्याभल्यांची दमछाक व्हायची. आज दोन पायऱ्या चढून त्यालाच धाप लागली होती.

"गुरुजी, थकलो," तो म्हणाला. "अकरा वर्षं संघ सांभाळतोय. स्वतः खेळायचो तेव्हा कधी असा दमलो नव्हतो. ही शिट्टी परत घ्या आणि मला मोकळं करा."

शिट्टी गुरुजींनीच दिलेली होती. त्यांनी ती घेतली नाही. "अंतिम सामन्यात काय झालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

शिष्याची मान खाली गेली. काय व्हायचं राहिलं होतं! शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं, समोरचा एक गडी बाद केला की चषक गावात येणार होता. आणि नेमका तेव्हाच रांगेत बसलेला रेवण नावाचा पोरगा पाठीला हात लागण्याआधीच उठला. पंचांची शिट्टी वाजली, पळणारा निसटला, एका गुणाने सामना गेला. 'खो ऐकला म्हणून उठलो,' असं रेवण कळवळून सांगत होता. पण त्याला खो देणारा गडी तर चांगला दोन हात लांब होता. मग काय, साऱ्या गावाने पोराला धारेवर धरलं. दहा दिवस तो मैदानाकडे फिरकला नव्हता. खेळच सोडतो म्हणत होता.

"घाबरलं पोरगं. दुसरं काय?" शिष्य म्हणाला. बोलताना त्याने गुरुजींच्या नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजी काठी टेकत सरावाला आले. रांगेत रेवणची जागा रिकामी होती. काठीने तिकडे दाखवून ते शिष्याला म्हणाले, "तिथे तू बस."

"मी? अहो गुरुजी, या वयात? पोरं हसतील."

"हसू देत. बस तू."

तो बसला. गुरुजींनी मुलांना जवळ बोलावून हळूच बजावलं, "याला कुणीही खो द्यायचा नाही." हे काय चाललंय, ते मुलांनाही कळेना, पण विचारण्याची छाती कुणाची?

खेळ सुरू झाला. शिष्य उकिडवा बसून होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गुडघे ठणकू लागले. पाठीमागून पावलं यायची आणि निघून जायची. डावीउजवीकडची पोरं उठायची, बसायची. खो यायचा तो पाठीमागून, आणि बसलेल्याला मागचं दिसत नाही. त्याच्यापाशी होते ते फक्त कान. इतक्या वर्षांत हे तो साफ विसरून गेला होता.

"खो!"

शिष्य ताडकन उठला आणि दोन पावलं धावलासुद्धा. मग त्याच्या लक्षात आलं की सगळं मैदान गप्प झालं आहे. त्याच्या मागे कुणीच नव्हतं. गुरुजी लांब, रेषेबाहेर काठीवर रेलून उभे होते.

"खो कुणी दिला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

"माझा हात पोचला तुझ्या पाठीपर्यंत?"

"नाही गुरुजी. पण तुमचा आवाज आला ना! तो ऐकला की पाय आपोआप..." आणि बोलता बोलता तो तिथेच मातीत बसला. "गुरुजी, त्या दिवशी रेषेबाहेरून मीच ओरडलो होतो. राहवलं नाही. आणि नंतर पोराला सगळे बोलले तेव्हा मी तोंड शिवून बसलो."

गुरुजी सावकाश त्याच्यापाशी आले. "अरे, ज्याने खो दिला त्याने त्याच जागी बसायचं, ही आपल्या खेळाची मर्यादा. एका वेळी धावायचं एकानेच. तू संघाला अकरा वर्षांपूर्वी खो दिलास आणि अजून पोरांच्या बरोबरीने धावतो आहेस. दमशील नाही तर काय? शिट्टीचं ओझं नाही तुला. एक धावणं न थांबवल्याचं आहे, आणि दुसरं दहा दिवस गप्प राहिल्याचं आहे. दुसरं आजच उतरव."

त्याच संध्याकाळी सगळा संघ बरोबर घेऊन शिष्य रेवणच्या दारात उभा राहिला. आईबापांच्या, शेजाऱ्यांच्या देखत त्याने सांगितलं, "त्या दिवशी खो मी ओरडलो होतो. चूक माझी होती."

रेवण पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "ठाऊक होतं, सर," तो म्हणाला. "तुमचा आवाज ओळखणार नाही का मी?"

"मग बोलला का नाहीस, बाबा?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं."

शिष्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेवण आपल्या जागी होता. शिष्य रेषेबाहेर खाली मांडी घालून बसला. पळणारा तावडीत आला, शिष्याच्या घशाशी शब्द आला, आणि त्याने तो गिळला. रेवण पाठीला हात लागेपर्यंत थांबला. मग उठला.