एकट्या वजिराचा डाव

एकदा एका शिष्येला एक बारीकशी गोष्ट खटकली. तिची आई तिच्याकडेच राहत असे. आणि गावी असलेल्या ताईने तिला न विचारता, शेजारणीकडून आईच्या आधारकार्डाचा फोटो मागवून घेतला. एवढेच. पण ताई आईला न्यायला तिकीट काढत असणार, असे हिने धरले. आईला परस्पर नेलेस तर तुझेमाझे नाते संपले, असे ती ताईला दिवाळीतच बजावून बसली होती. आता नाते तोडले नाही, तर शब्दाला किंमत काय राहणार?

नाते तोडल्याचा निरोप मोबाइलवर लिहून, पण न पाठवता, ती आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेली. अमेरिकेच्या अण्वस्त्रनीतीवर ती त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होती. आचार्यांनी निरोप वाचला आणि बुद्धिबळाचा पट मांडला. स्वतःकडे फक्त राजा आणि वजीर ठेवून बाकीची सगळी मोहरी डब्यात टाकली.

“सर, असा कुठे डाव असतो?”

“तू चाल तर खरी.”

तिने जोर असलेले एक प्यादे पुढे सरकवले. आचार्यांनी वजिराला हात लावला नि मागे घेतला.

“मारलं तर वजीर जातो. सोडलं तर तू पुढे येतेस. अमेरिकेने आरंभी असाच डाव मांडला होता. आगळीक लहान असो वा मोठी, उत्तर अण्वस्त्रांनीच, अशी धमकी. पुढे समोरच्याकडेही तीच अस्त्रं आली. एका प्याद्यासाठी हे आपली शहरं जाळून घेतील, हे कुणाला पटावं? मग त्यांनी लहान आगळिकीला लहान उत्तर, अशा मधल्या पायऱ्या बांधल्या. तरी क्युबाच्या वेळी जग पार कड्यावर जाऊन उभं राहिलं, आणि निरोप पोचायला तासन्‌तास लागत होते. त्यानंतर वॉशिंग्टन-मॉस्को थेट तार जोडली. अस्त्रं कुणी टाकली नाहीत हं. पण विचारायची सोय झाली.”

“हे माझ्याच प्रबंधात आहे, सर.”

“मग वाच की एकदा.”

ती ओशाळली. पण ताई खरंच आईला घेऊन जाते म्हणाली तर, असे तिने हळूच विचारले.

“तर भांड. रुसून बस. मामांना मध्ये घाल. पायऱ्या पुष्कळ आहेत.”

निरोप तिने खोडला नाही. तो तसाच ठेवून तिने ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आचार्य पटावर आपली प्यादी एकेक करून मांडत राहिले. तिने पुन्हा लावला.

“अगं, किती फोन!” ताईला धाप लागली होती. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे. तिचं आधारकार्ड कशाला हवं होतं, ते विचारायचं होतं.”