पोत्यातली ठकी

“बुवा, मारून ऐकत नाही आणि सोडली तरी परत येते, तर या मांजरीचं करायचं तरी काय?”

रंगनाथ कुलथे मठाच्या ओसरीवर उभ्यानेच विचारत होता. एका हातात तोंड बांधलेलं पोतं, दुसऱ्या हातात माळ, काखेत जपाला बसायची घोंगडी. पोत्यातून गुरगुर चालली होती.

भानगीर बुवा सुपात डाळ निवडत होते. त्यांनी नुसतं बसायची खूण केली.

पोतं खाली ठेवून रंगनाथ बसला आणि लगेच उठला. बसणं त्याला जमतच नव्हतं. माणूस गावातला नावाजलेला सोनार, गुंजेचा फरक नजरेने सांगणारा. पण माघात आई गेली आणि तेरावं उरकताच याला परमार्थाचं वेड लागलं. मांजरी पिल्लं सात घरं हिंडवते, तसा हा स्वतःला गुरूंच्या दारोदार हिंडवू लागला. एकाकडून मंत्र घेतला, दुसऱ्याकडे श्वास कोंडायला शिकला, तिसऱ्याने लोकरीच्या आसनाचं माहात्म्य सांगितलं. टिकला कुणाकडेच नाही. दोष अर्थातच गुरूंचा.

भानगीर बुवांनी अट घातली होती. न उठता एक माळ पूर्ण कर, मग नाम देतो. एवढीशी अट, पण ती काही पुरी होईना. का, तर ही मांजर, ठकी.

ठकीचे गुन्हे तो एका दमात सांगत सुटला. हा माळ घेऊन बसला की ती येऊन घोंगडीत नखं रुतवते. हाकललं की फिरून येते. घोंगडी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवली, तर दुसऱ्याच दिवशी तिच्यावर मुतून ठेवलं. दुधाला तोंड लावत नाही. दिवेलागणीला घरभर ओरडत फिरते, प्रत्येक खोलीत डोकावते आणि पुन्हा ओरडते. चपलेने मारून झालं, कोंडून झालं. पद्माचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, म्हणणं एकच की ती शोधतेय. बायकांना काय, मांजराच्या मनातलंही कळतं.

शेवटी गावच्या रिवाजाप्रमाणे तो तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडूनही आला होता. मांजराला परतीची वाट कळू नये म्हणून पोतं घेऊन गिरक्या घ्यायच्या असतात. याने इतक्या घेतल्या, की यालाच भोवळ आली आणि हा बंधाऱ्यावर डोकं धरून बसला. घरी पोचला तेव्हा ठकी उंबऱ्यात हजर.

“म्हणून आता तुमच्याकडे आणली,” तो म्हणाला. “मठात उंदीर आहेतच. ठेवून घ्या, म्हणजे मी सुटलो.”

बुवांनी सूप बाजूला सारलं.

“घोंगडी कुणाची?”

“माझी. जपाची.”

“त्याआधी?”

रंगनाथने माळ या हातातून त्या हातात घेतली.

“आईची. शेवटी शेवटी तिला थंडी फार वाजायची.”

“आणि ही कुठे निजायची?”

“आईच्या पायांशी.”

“आई गेली तेव्हा?”

“तिथेच होती.”

“तू?”

“दुकानात,” रंगनाथ म्हणाला. “लग्नसराई होती.”

बुवा उठले. त्यांनी त्याच्या काखेतली घोंगडी घेतली, ओसरीवर पसरली आणि पोत्याचं तोंड सोडलं.

ठकी पळाली नाही. बाहेर आली, अंग झाडलं, घोंगडीला नाक लावलं. कितीतरी वेळ हुंगत राहिली. मग पुढच्या दोन्ही पंजांनी ती लोकर हळूहळू तुडवू लागली, नखं बाहेर, नखं आत. ज्यासाठी तिने चपला खाल्ल्या, तेच हे. तुडवून झाल्यावर ती खालच्या कडेला, जिथे पाय येतात तिथे, अंगाचं वेटोळं करून पडली.

“आता तिला उठव,” बुवा म्हणाले, “आणि माळ ओढायला बस.”

रंगनाथने हात पुढे केला. पण तो तिच्यापर्यंत गेलाच नाही.

तो खाली फरशीवर बसला. दहाव्याला, तेराव्याला त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सोयरे कौतुकाने म्हणाले होते की गडी खंबीर आहे. आता तो नाक ओढत, लहान पोरासारखा रडायला लागला. माळ कधी गळून पडली ते त्याला कळलं नाही.

बुवांनी पुन्हा सूप ओढून घेतलं.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तरी रंगनाथ जागचा हलला नव्हता. ठकी उठली. तिने आळस दिला, मग ती पायऱ्या उतरली आणि सरळ बंधाऱ्याच्या दिशेने, घरच्या वाटेला लागली.

रंगनाथ घाईने उठला. सवयीने पोत्याकडे वळलेला हात त्याने मागे घेतला. घोंगडीची घडी करून ती उराशी धरली. तरी पाऊल निघेना.

“बुवा… माझं नाम राहिलं.”

बुवांनी डाळीतला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“तिला वाट ठाऊक आहे,” ते म्हणाले. “तिच्या मागून जा.”